राहिलेला ठोका

नोझल पोचवायला गेलो होतो. काम एवढंच. पितळेचं, करंगळीएवढं. इंजिनात डिझेलचा फवारा मारतं ना, ते. जुन्या इंजिनाचं होतं, बाजारात मिळेना, म्हणून मी माझ्या लेथवर कातलं. तीन वाया गेली, चौथं जमलं. तेलाच्या कागदात गुंडाळलं, शर्टाच्या खिशात टाकलं आणि सायकल काढली. नोव्हेंबरची एकवीस तारीख, मंगळवार. संध्याकाळचे साडेसात. तीन वर्षं होतील आता.

आजवर मी ही हकिकत कुणाला सांगितली नाही. तुमच्या मामीलासुद्धा अर्धीच ठाऊक आहे. ज्यांच्यासाठी तोंड बंद ठेवलं होतं, त्या माझ्या मित्राच्या वहिनी गेल्या महिन्यात गेल्या. आता सांगायला हरकत नाही. तो मोबाइल बाजूला ठेव बघू. आणि भीती वाटली तर आधी सांगा, मध्येच उठून जायचं नाही.

तर डॉक्टरकडे निघालो. डॉक्टर म्हणजे दवाखान्यातला नव्हे. फिटर होता तो, बोटींची इंजिनं दुरुस्त करायचा. हातभर लांब स्क्रू-ड्रायव्हर होता त्याच्याकडे. त्याचं टोक चालू इंजिनावर टेकवायचा, मूठ कानाला लावायचा, डोळे मिटायचा आणि सांगायचा, तिसरं बेअरिंग गेलंय. उघडून बघावं तर तिसरंच. म्हणून डॉक्टर. मी टर्नर, तो फिटर. तीस वर्षं एकमेकांच्या कामाला नावं ठेवण्यात गेली. त्याच्यासारखा जिवाभावाचा मित्र मला दुसरा मिळाला नाही.

त्याची शेड बर्फाच्या कारखान्याच्या मागे. तीन बाजूंना विटांची भिंत, वर पत्रा, पुढे लाकडी दार. गज लावलेली एक खिडकी. मधोमध सिमेंटचा ओटा आणि त्यावर ते इंजिन, बोल्टने आवळलेलं.

इंजिनाचं सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. तू इंजिनिअर आहेस हे मला माहीत आहे गं, पण तुमच्या इंजिनिअरिंगला तेल लागत नाही. हे ऐंशी-नव्वद वर्षांपूर्वीचं बोटीचं इंजिन. एकच सिलिंडर, उंचीला माझ्या छातीएवढं. बाजूला हे एवढं जाडजूड चाक. डोक्यावर लोखंडी पोकळ गोळा. हा गोळा आधी ब्लो-लॅम्पने तापवायचा, चांगला वीस मिनिटं, लालभडक होईपर्यंत. मग चाक हाताने हिसडा देऊन फिरवायचं. तापलेल्या गोळ्यात डिझेल उडालं की धप्प... आणि इंजिन सुरू. बॅटरी नाही, बटण नाही, काही नाही.

आणि त्याला गिअर नाही. बोट मागे घ्यायची असली तर इंजिनच उलटं फिरवायचं. ते कसं, तर चालत्या इंजिनाचं डिझेल तोडायचं. चाक मंदावतं, मंदावतं, अगदी मरायला टेकतं. पिस्टन वर चढता चढता अडखळतो आणि मागे फिरू बघतो... त्या क्षणी डिझेलचा एक झटका द्यायचा. जमलं तर चाक उलटं धावतं. क्षण चुकला तर इंजिन बसतं. एकदा बसलं की गोळा गार झालेला असतो, परत लॅम्प पेटवा, परत वीस मिनिटं. हे हाताचं काम. शिकवून येत नाही. डॉक्टरला यायचं.

हे इंजिन त्यांच्या घरच्याच बोटीवरचं. वर सुकाणूवर त्याचा मोठा भाऊ, दादा. खाली इंजिनपाशी हा. इंजिनचा एवढा आवाज की वरची हाक खाली पोचत नाही. म्हणून खुणा ठरलेल्या. दादा टाचेने फळीवर ठोके द्यायचा, ते बरोबर ह्याच्या डोक्यावर वाजायचे. एक ठोका, पुढे. दोन, थांब. तीन, रिव्हर्स. सगळ्या बोटींवर हीच पद्धत होती आणि खालच्याने वरच्याला विचारायचं नाही हा नियम. ठोका आला की हात चालला पाहिजे.

त्या मंगळवारच्या एकोणीस वर्षं आधी ती बोट खडकावर फुटली. किनाऱ्यापासून अडीच तासांवर पाण्यातून वर आलेला एक खडक आहे, त्यावर. डॉक्टर फळीला धरून सकाळपर्यंत तरंगला. दादा सापडलाच नाही. ना अंग, ना कपडा.

काय झालं, तर डॉक्टरने सगळ्यांना एकच सांगितलं. दादाने तीन ठोके दिले, मी रिव्हर्स द्यायला गेलो आणि इंजिन बसलं. संपलं. कुणी काही बोललं नाही, कारण असं होतं. दादाची बायको, म्हणजे वहिनी, तर येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या, "भाऊजींनी फार प्रयत्न केला हो. इंजिनच बसलं, ते तरी काय करणार?" आणि डॉक्टरने लग्न केलं नाही म्हणून एकोणीस वर्षं दोन्ही वेळचा डबा त्यांनीच दिला त्याला. मी कितीदा बघितलंय, डबा उघडायचा आणि नुसता बघत बसायचा. मला वाटायचं, भावाची आठवण येत असेल.

खडकात अडकलेलं इंजिन एका भंगारवाल्याने ओहोटी बघून ओढून आणलं होतं. विकलं जाईल या आशेने ग्रीस चोपडून ठेवलं आणि ते तसंच राहिलं. सतरा वर्षांनी त्याने वखार बंद करायला काढली, तेव्हा डॉक्टरला म्हणाला, तुमचंच आहे, घेऊन जा. डॉक्टर घेऊन आला. मी म्हटलं, अरे कशाला हे दुखणं घरात आणतोस? तर म्हणाला, "चालू करायचंय."

दोन वर्षं घातली त्याने. दोन वर्षं. पिस्टन इतका जाम की घणाने हलेना. रॉकेल आणि तेल ओतून ठेवलं. रोज सकाळी लाकडाचा ठोकळा ठेवून हातोड्याचा एकच घाव घालायचा. एकच. दुसरा घातला तर सिलिंडर तडकेल म्हणायचा. असे पाच महिने. ज्या दिवशी पिस्टन केसभर हलला, त्या दिवशी त्याने मला फोन केला आणि काही बोललाच नाही. नुसता श्वास ऐकू येत होता. मी घाबरून सायकल हाणत गेलो, तर हा ओट्यावर बसलेला, डोळे लाल.

मग रिंगा, बुशिंगं, पंपाचा दट्ट्या... अर्धं इंजिन मी कातून दिलं म्हणा ना. आणि एक गोष्ट मला खटकायची. पिस्टन मोकळा झाल्यापासून हा रोज काम संपलं की चाक हाताने एक फेरा फिरवायचा, पण उलट्या बाजूने. मी विचारलं, सुलट का नाही फिरवत? तर म्हणाला, "सुलट फिरतं ते मला माहीत आहे."

तर त्या मंगळवारी नोझल घेऊन गेलो. शेवटचा भाग तोच राहिला होता. दोघांनी मिळून बसवलं, डिझेलची नळी जोडली. टाकी शेडच्या बाहेर भिंतीवर होती, आग नको म्हणून. थंड करायला पाण्याचं पिंप. मागच्या बाजूला, जिथे बोटीवर पंख्याचा दांडा जोडतात, तिथे काहीच नाही. नुसती लोखंडी तबकडी, हवेत फिरणारी. हे लक्षात ठेवा. इंजिनला ओढायला काहीच नव्हतं.

सगळं होईस्तोवर साडेअकरा वाजले. मी म्हटलं, उद्या चालू करू, वहिनींनाही बोलावू, त्यांनाही बरं वाटेल.

"वहिनी नकोत," तो म्हणाला. "तू थांब. तू एकटाच थांब."

लॅम्प पेटवला. निळी ज्योत गोळ्यावर घोंघावायला लागली. वीस मिनिटं दुसरं काही करण्यासारखं नसतं, आम्ही दोन पेट्या ओढून बसलो. आणि तो माझ्याकडे न बघता म्हणाला,

"मी रिव्हर्स दिलाच नव्हता."

मला आधी कळलंच नाही. म्हटलं, कधी?

"तेव्हा. ठोके आले. तीन. स्वच्छ ऐकले मी. पण समुद्र खवळलेला, गोळा थोडा गार पडलेला. वेग उतरवला आणि बसलं तर? खवळलेल्या पाण्यात वीस मिनिटं लॅम्प धरून कोण बसणार? मला वाटलं, दादाला इंजिनातलं काय कळतंय, वर उभं राहून ठोके द्यायला काय जातंय. पुढेच निघून जाऊ. मला खाली फक्त चाक दिसत होतं रे. खडक त्याला दिसत होता."

मी लॅम्पच्या ज्योतीकडे बघत होतो.

"परत तीन आले. तेही ऐकले. हात लिव्हरवर होता, हलवला नाही. मग परत. एक... दोन..."

लॅम्पचा आवाज येत राहिला.

"तिसरा आलाच नाही."

तीस वर्षांची ओळख. एकोणीस वर्षं हा माणूस ते डबे खात होता.

मग त्याने मनातलं सगळं सांगितलं. वहिनींना सांगायचं म्हणून कितीदा दारापर्यंत गेला आणि परत आला. आणि इतकी वर्षं स्वतःला एकच समजूत घालत आला, की दिला असता तरी बसलंच असतं. गोळा गार होता. कुणाच्याही हातून बसलंच असतं. मग आपण सांगितलं ते खोटं कुठे? फक्त करून न बघता सांगितलं.

"हेच बघायचंय," तो म्हणाला. "म्हणून दोन वर्षं खपलो. गोळा तेवढाच गार होऊ देणार. मग रिव्हर्स द्यायचा. एकदाच. तेव्हाही एकदाच मिळाला असता. बसलं तर सकाळी वहिनींकडे जातो, पाय धरतो, खरं सांगतो. बसलं, तर मला जगता येईल."

"आणि नाही बसलं तर?"

त्याने लॅम्पचा पंप दोनदा मारला.

खरं सांगतो, मी मनातल्या मनात हात जोडले. आयुष्यभर मशीन चालावी म्हणून धडपडलेला माणूस मी. त्या रात्री म्हणत होतो, बस बाबा, बंद पड.

बाराला पाच कमी असताना गोळा लाल झाला. डॉक्टरने चाक धरलं, मागे-पुढे डोलवलं आणि हिसडा दिला. धप्प. परत हिसडा. धप्प... धप्प... आणि धरलं की हो त्याने! धप धप धप धप. शेड हलायला लागली. पत्रा थरथरायला लागला. एकोणीस वर्षं मेलेलं इंजिन, अर्धं माझ्या हातचं. सगळं विसरून मी टाळ्या वाजवल्या, काय सांगू. तोही हसला. शेवटचाच हसला.

मग लॅम्प विझवला. वेग अगदी कमी ठेवला. गोळा लाल होता तो काळसर झाला, मग काळा. घड्याळ बघत होता. पंचवीस मिनिटं आम्ही तसेच उभे.

बारा वीस झाले.

हात लिव्हरवर गेला. आणि तिथेच राहिला. मी बघतोय... हात हलत नाही. तेव्हाही असाच राहिला असेल. मी ओरडून म्हटलं, "राहू दे! बंद कर, घरी जाऊ!"

तेवढ्यात वरून ठोका आला.

पत्र्यावर नाही. कसं सांगू तुम्हाला... पत्रा वाजला की खणकन आवाज होतो. हा लाकडाचा होता. जाड फळीवर टाच आपटावी तसा. शेडला फळी नव्हती. वर पत्रा आणि लोखंडी अँगल, बस. इंजिन धडधडतंय, माझं ओरडणं त्याला जेमतेम ऐकू जातंय... आणि तो ठोका मात्र दोघांनाही ऐकू आला. बरोबर त्याच्या डोक्यावर.

एकच.

मी वाट बघितली. दुसरा येईल म्हणून. नाही आला.

डॉक्टरने वर बघितलं. त्याचं तोंड पांढरं पडलं होतं.

"राहिलेला," तो म्हणाला.

आणि लिव्हर ओढली.

डिझेल तुटलं. धप... धप... चाक मंदावलं. धप...... शांतता. चाक वर चढता चढता अडखळलं. पुढे जाईना. मी मनात म्हणतोय, बस, बस. मागे कललं... त्याचा हात हलला. मी बघितलासुद्धा नाही, इतका पटकन.

धप्प.

आणि उलटं फिरलं. एक गचका नाही. खोकला नाही. लोण्यासारखं. दोन वर्षांत त्या चाकाचा एवढा गोड आवाज मी ऐकला नव्हता.

तो बघत राहिला. खांदे हळूहळू खाली गेले. माणूस उभ्या उभ्या संपताना मी तेव्हा बघितला.

"बसलं नाही रे," तो म्हणाला.

मी त्याचा दंड धरला. जे सुचलं ते ओरडत सुटलो. अरे ही शेड आहे, इथे लाट कुठे आहे? इथे पंखा नाही, पाणी नाही, भार नाही. मोकळं इंजिन कसंही फिरतं, शेंबडं पोरसुद्धा फिरवेल! समुद्रात भार असतो, समुद्रात बसलंच असतं, शंभर टक्के बसलं असतं! याने काही सिद्ध होत नाही!

त्याने माझ्याकडे बघितलं. डोळ्यांत जरासं काही आलं. आशा म्हणा. बुडणारा बघतो तसं.

आणि इंजिनचा आवाज बदलला.

तुम्हाला कळणार नाही कदाचित. मला कळलं, माझा जन्म यात गेला. मोकळं इंजिन हलकं वाजतं. भार आला की खाली उतरतं, खर्ज लागतो, एकेक धपका जड होतो. तसं झालं. धप्प... धप्प... धप्प... ओढत होतं. काहीतरी ओढत होतं.

मी मागे गेलो. तबकडी बघितली. नुसती. हवेत फिरतेय. तिला काही लागलेलं नाही.

धप्प... धप्प...

भार वाढत होता. आणि इंजिन बसत नव्हतं. एकेक धपका रेटून देत होतं. मी जे जे ओरडलो होतो, ते सगळं खोटं पाडत होतं.

डॉक्टरने स्क्रू-ड्रायव्हर घेतला. टोक इंजिनवर. मूठ कानाला. डोळे मिटले.

"काय ऐकतोयस?"

त्याने बोट वर केलं. गप्प राहा म्हणून.

"अरे काय ऐकू येतंय?"

"...दादा बोलतोय."

मी भ्यालो. सरळ सांगतो, जाम भ्यालो. मी लिव्हरकडे हात नेला, बंद करावं म्हणून. त्याने डोळे न उघडता माझा हात झटकला. असा झटकला की मी भिंतीवर आदळलो. तो एवढ्या ताकदीचा माणूस नव्हता.

मग मला टाकी आठवली. बाहेरून डिझेल तोडलं की इंजिन मरतंच. धावत बाहेर गेलो. भिंतीवरची तोटी गच्च आवळली. नळीत उरलेलं डिझेल... मिनिटभर, फार तर दीड.

एक मिनिट झालं.

दोन.

पाच.

धप्प... धप्प... धप्प...

दारापाशी आलो. दार आतून बंद. कडी लावलेली. कडी लावल्याचा आवाज मी ऐकला नव्हता. दारावर बुक्क्या मारल्या. लाथा मारल्या. आतून त्याचा आवाज आला. माझ्याशी नाही बोलत.

"हात... दादा, हात... अजून थोडा..."

लांबून येत होता. शेड केवढी? बारा पावलं. आवाज लांबून येत होता.

"...हात दे..."

मग दोन ठोके.

थांब.

इंजिन थांबलं.

...

कुत्रंसुद्धा भुंकत नव्हतं. बर्फाच्या कारखान्याची मोटर तेवढी लांबून घुमत होती. मी दाराला कान लावला. आत पाण्याचा थेंबसुद्धा पडत नव्हता. हाक मारली. त्याचं खरं नाव घेऊन मारली, वीस वर्षांत पहिल्यांदा. काही नाही.

कारखान्याचा रखवालदार माझा आरडाओरडा ऐकून पहार घेऊन आला. दोघांनी मिळून कडी उचकटली. तेव्हा बारा वाजून चाळीस मिनिटं झाली होती. रखवालदाराने मोबाइलमध्ये बघून सांगितलं, नंतर पोलिसांनाही तेच सांगितलं.

आत दिवा चालू होता. इंजिन चटका बसेल एवढं गरम. जमीन कोरडी. खिडकीचे गज जागच्या जागी. पत्र्याचा एक खिळा हललेला नाही.

आत कुणी नव्हतं.

पेट्यांच्या मागे बघितलं. पिंपात हात घालून बघितलं, वेड्यासारखा. रखवालदार म्हणत होता, मालक, आत कुणी नव्हतंच, तुम्हीच बाहेरून कडी... मी त्याला म्हटलं, कडी आतून आहे रे बाबा, तूच तोडलीस ना आत्ता. तो कडीकडे बघत राहिला आणि त्याने पहार खाली ठेवली.

पहाटेपर्यंत मी तिथेच बसलो होतो. सात वाजता धक्क्यावरून निरोप आला.

एक बोट रात्री खडकाजवळ जाळं टाकून होती. जाळं ओढलं, तर त्यात डॉक्टर. बोटीवरच्या एकाने घाबरून मोबाइलवर फोटो काढला होता. तो मी बघितला. त्यावरची वेळही बघितली. बारा बावन्न. बारा वाजून चाळीस मिनिटं झाली तेव्हा आम्ही शेडची कडी तोडली होती. बारा मिनिटं. आणि खडक इथून अडीच तास. पोलिसांनी मोबाइलचं घड्याळ चुकलं असेल म्हणून लिहिलं आणि मोकळे झाले. बुडून मृत्यू. हातांना ग्रीस तसंच होतं, ते कसं, कुणी विचारलं नाही.

दवाखान्यात वहिनी आल्या. रडल्या नाहीत. बाकावर बसल्या, मी शेजारी. त्यांना मी एवढंच सांगितलं की रात्री इंजिन चालू झालं, मग तो कुठे गेला मला कळलं नाही. त्यांनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. मग म्हणाल्या,

"टर्नर भाऊजी, एक विचारते. तेव्हा इंजिनच बसलं होतं ना हो?"

सांगायचं होतं त्याला. सकाळी पाय धरून सांगायचं होतं. ते आता माझ्याकडे आलं होतं. मी वहिनींकडे बघितलं. पांढरे केस, मांडीवर हात.

"हो वहिनी," मी म्हटलं. "इंजिनच बसलं होतं."

त्यांनी मान हलवली. असं खोटं मी आयुष्यात दुसऱ्यांदा बोललो नाही आणि त्याचं ओझं अजून उतरलं नाही.

मग आतून माणूस आला. हातात प्लॅस्टिकची पिशवी. म्हणाला, उजवी मूठ आवळलेली होती, दोघांनी मिळून उघडली, त्यात हे होतं. घरच्यांचं असेल तर बघा.

शर्टाची कॉलर होती. नुसती कॉलर. शर्टापासून ओरबाडून निघालेली. बुडणाऱ्याला मागून गच्च धरावं, आणि माणूस सुटावा, आणि हातात तेवढंच राहावं, तशी.

वहिनींनी ती घेतली. उलटी केली. शिवणीवरून बोट फिरवलं. एकदा, दोनदा.

"विरली होती," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "म्हणून उसवून, उलटी करून परत शिवली मी. काळा दोरा संपला होता, पांढऱ्याने शिवली. हे म्हणाले, लोक हसतील. मी म्हटलं, समुद्रावर कोण बघतंय? दुसऱ्या दिवशी हीच घालून गेले."

मी बघितलं. एकोणीस वर्षं खाऱ्या पाण्यात. दोरा पांढराशुभ्र होता.

त्यांनी कॉलर माझ्या तळहातावर ठेवली आणि नुसतं माझ्याकडे बघत राहिल्या. काय सांगायचंय ते मला आधी कळेना. कापड ओलं होतं. गार होतं. मग माझं बोट आतल्या बाजूला गेलं, मानेला टेकते त्या पट्टीवर.

तेवढी पट्टी कोमट होती.